अस्सल कोणापाशी? करवीरचे दफ्तर आणि यंत्रातले दफ्तर

मराठेशाहीतील इनामाच्या आणि वतनाच्या सनदा वाचणाऱ्याला त्यांच्या शेवटच्या दोन-तीन ओळी पाठ होऊन जातात. गावच्या मोकदमाला, परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांना आणि पुढे कधी काळी येणाऱ्या कमाविसदाराला त्यांत एक आज्ञा असते. दरसाल नव्या पत्राची मागणी करू नका, या पत्राची नक्कल लिहून घ्या आणि अस्सल पत्र भोगवट्यासाठी इनामदाराच्या हाती परत द्या, असा तिचा आशय. शब्द थोडेफार बदलतात, आशय बदलत नाही. छापील साधनग्रंथांचे वाचक या ओळी सहसा ओलांडून जातात, कारण त्यांत ना लढाई ना राजकारण. कागदांच्या इतिहासात मात्र या ओळींना मोठे मोल आहे. कोणता कागद कोठे राहायचा याची सगळी व्यवस्था त्यांत सांगितलेली आहे. अस्सल धन्याच्या घरी, नक्कल गाव-परगण्याच्या दफ्तरात आणि पत्र सुटले याची नोंद हुजुरात. एकाच मजकुराला तीन घरे.

त्यानंतर पन्नास वर्षांनी तंटा उभा राहिला तर कोणत्या घरचा कागद वाचायचा? घरच्या अस्सलाला वाळवी लागलेली असेल, गावच्या नकलेत कुलकर्ण्याने एखादा शब्द घातलेला असेल आणि हुजूरची नोंद इतकी आटोपशीर असेल की शेताच्या चतुःसीमा त्यात नसतीलच. कागद वाचणे हे बाहेरून निरुपद्रवी काम दिसते. वाचल्याने कागद बदलत नाही, कोणाचे काही जात नाही. पण कोणती प्रत वाचली आणि तिच्यावर किती भरवसा ठेवला, यावर घरेच्या घरे उभी राहिली आणि बसलीही.

१८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हा मुंबई इलाख्यातल्या इनामदारांना याचा अनुभव आला. कमिशनने घरचे कागद मागवले आणि ते पुण्याच्या पेशवे दफ्तरातील नोंदींशी ताडून पाहिले. पिढ्यान् पिढ्या देव्हाऱ्यातल्या पेटीत जपलेल्या पत्रापेक्षा सरकारी रुमालातील हिशेबाची एक ओळ जड ठरू लागली. दक्षिण महाराष्ट्रातील असंतोषाची जी कारणे इतिहासकार देतात, त्यांत हे कमिशन ठळकपणे येते. ज्या दफ्तराने इनामाला आधार द्यायचा, तेच दफ्तर इनामाविरुद्ध साक्षीला उभे राहिले. दफ्तर तेच होते, विचारणारा बदलला होता.

रुमाल आणि तक्ता

कोल्हापूर या बाबतीत भाग्यवान शहर आहे. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि संस्थानचे कागद सरकारच्या पुराभिलेख खात्याकडे आले. मोडी आणि इंग्रजी कागदांचा हा संग्रह आजही कोल्हापुरातच आहे. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे स्वतः इतिहासाचे अभ्यासक निघाले. ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड त्यांच्या संपादनाखाली विद्यापीठाने छापायला घेतले. शेजारच्या मिरजेत त्याच्या कितीतरी आधी वासुदेवशास्त्री खरे नावाच्या शाळामास्तरांनी पटवर्धनांच्या दफ्तरात डोके घालून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सुरू केला होता (१८९७). या भागात दफ्तर वाचण्याची एक परंपराच आहे. ती बहुतांशी पदरमोड करून चालली, हे वेगळे सांगायला नको.

ज्याने दफ्तर पाहिले नाही त्याच्यासाठी थोडे वर्णन केले पाहिजे. दफ्तर म्हणजे ग्रंथालय नव्हे. कापडाच्या चौकोनी तुकड्यात कागद गुंडाळून गाठ मारलेली असते, तो रुमाल. रुमालात पुडकी, पुडक्यात बंद, बंदावर मजकूर. एकाच रुमालात एका महालाचा ताळेबंद, त्याला चिकटलेली एखादी यादी, त्या यादीतल्या तिसऱ्या कलमाखाली लहान अक्षरांत घातलेली चार पोटकलमे आणि त्यांच्याच पाठीवर कोणा कारकुनाने उतरवलेले एक खासगी पत्र, असे सगळे सुखाने नांदते. प्रत्येक कागदाची घडण निराळी. कोणात तारीख आहे, गाव नाही. कोणात गाव आहे, माणसाचे नाव नाही. सारखेपणा असतो तो मायन्यात आणि शेवटच्या मोर्तबात. मधला मजकूर ज्या कामासाठी लिहिला त्या कामाच्या आकाराचा.

इंग्रजी अमदानीने या पसाऱ्याचे तक्ते केले. १८८६ मध्ये निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा चोविसावा खंड कोल्हापूरचा आहे. त्यात जाती, पिके, पाऊस, शाळा, सारे रकान्यांत बसवलेले दिसते. तक्त्याचा फायदा उघड आहे, बेरीज होते आणि तुलना होते. तोटा असा की रकाना आधी आखावा लागतो आणि ज्याला रकाना नाही ते कागदावरून नाहीसे होते.

गणकयंत्रांच्या जगातही हाच वाद झाला, हे आपल्या वाचकांना कदाचित नवे वाटेल. १९७० साली आय.बी.एम.च्या एडगर कॉड यांनी असे मांडले की यंत्रातील सर्व माहिती तक्त्यांत ठेवावी, तक्ते परस्परांशी समान रकान्यांनी जोडावेत आणि विचारणाऱ्याला साठवणीच्या आतल्या वाटा ठाऊक असण्याची गरज पडू नये. बँका, रेल्वे आरक्षण, पगारपत्रके यांनी तो मार्ग स्वीकारला आणि तो आजही मोडीत निघालेला नाही. पण पुढे संकेतस्थळांचा काळ आला तेव्हा एका माणसाचे तीन पत्ते, दुसऱ्याचा एकही नाही, एका वस्तूला दहा गुण, दुसरीला दोनच, अशी माहिती लोटू लागली. तक्त्यांत ती बसवताना प्रोग्रामर मेटाकुटीला आले. तेव्हा काहींनी रकाने सोडून दिले आणि कागद जसा आहे तसा अख्खा ठेवायला सुरुवात केली. याला डॉक्युमेंट डेटाबेस म्हणतात. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध मोंगोडीबी. न्यूयॉर्कमधील टेनजेन या कंपनीत २००७ पासून त्याचे काम चालले होते, २००९ मध्ये तो लोकांसमोर आला. त्यात एका नोंदीला डॉक्युमेंट म्हणजे कागदच म्हणतात. कागदात कलमे, कलमात पोटकलमे, आणि असे कागद एकत्र बांधलेले, त्याला कलेक्शन. रुमाल या शब्दाने त्याचे भाषांतर केले तर मला तरी हरकत दिसत नाही.

ही तुलना मी गमतीखातर करत नाही. मोडी दफ्तरांची सूची यंत्रात घालायची म्हटले की कागदाच्या घडणीमुळे मनुष्य तक्त्यापेक्षा याच पद्धतीकडे वळतो. आणि एकदा तसे केले की सनदेच्या शेवटच्या ओळींतला जुना प्रश्न नव्या भाषेत पुन्हा समोर येतो.

सात गोष्टींचे मागणीपत्र

नवी भाषा म्हणजे येथे सी. डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास घडवलेली ही भाषा. कोल्हापूर परिसरात १९८० नंतर अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली आणि तेथून बाहेर पडलेल्या बहुतेक मुलांनी आयुष्यातला पहिला प्रोग्राम याच भाषेत लिहिला. आज तिला जुनी समजतात. पण मोंगोडीबीशी बोलण्यासाठी सी भाषेत लिहिलेले जे वाचनालय आहे (लायब्ररी या शब्दाला प्रोग्रामर हाच अर्थ देतात), त्याच्या खांद्यावर इतर काही भाषा उभ्या आहेत. पीएचपीत लिहिलेले एखादे संकेतस्थळ मोंगोडीबीकडे काही मागते, तेव्हा ती मागणी खाली सी भाषेच्या या वाचनालयातूनच जाते. तळघरात काय चालते हे वरच्या मजल्यावरच्याने एकदा तरी पाहावे.

त्या वाचनालयात वाचनाचा हुकूम धाडण्यासाठी एक स्वतंत्र फंक्शन आहे. नाव लांबलचक आहे : मोंगोसी क्लायंट रीड कमांड विथ ऑप्ट्स. त्याला सात गोष्टी द्याव्या लागतात. कोणत्या जोडणीतून विचारायचे, कोणत्या डेटाबेसला विचारायचे, हुकूम काय आहे, कोणत्या प्रतीकडून वाचायचे, आणखी कोणत्या अटी आहेत, उत्तर कोठे ठेवायचे आणि चूक झाली तर तिची हकीकत कोठे लिहायची. फंक्शन परत येताना फक्त ‘झाले’ किंवा ‘नाही झाले’ एवढेच सांगते. बाकी सगळे सहाव्या आणि सातव्या जागी पाहायचे. पुराभिलेखागारात भरून द्यायचे मागणीपत्रक ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे अगदीच परके वाटू नये.

हुकूम स्वतः एक छोटा कागदच असतो. ‘काउंट’ म्हटले तर अमुक रुमालात अमुक कलम असलेले कागद किती, ते मोजून सांगा. ‘डिस्टिंक्ट’ म्हटले तर अमुक कलमात वेगवेगळी नावे कोणती आली आहेत, त्यांची यादी द्या. गावांची यादी काढायची असेल तर दुसरा हुकूम उपयोगी.

चौथी आणि पाचवी जागा ही खरी विचार करण्याची. मोंगोडीबीत गंभीर कामासाठी माहिती एकाच यंत्रावर ठेवत नाहीत. तीन किंवा अधिक यंत्रांवर तीच माहिती असते. त्यांतले एक मुख्य, त्याला प्रायमरी म्हणतात, नवे लिखाण फक्त तेथेच होते. बाकीची सेकंडरी, ती मुख्याची नोंदवही पाहून आपली नक्कल अद्ययावत करत राहतात. वाचणाऱ्याने काहीच सांगितले नाही तर मुख्याकडूनच वाचले जाते. पण तो सांगू शकतो : मुख्य मिळाला तर मुख्य, नाही तर नक्कल, किंवा नक्कलच वाच, मुख्याला त्रास देऊ नको, किंवा जे यंत्र सर्वांत जवळ आहे त्याला विचार. याला रीड प्रेफरन्स म्हणतात. नकलेकडून वाचले तर उत्तर किंचित शिळे असण्याची शक्यता असते. मुख्याने आत्ताच लिहिलेले तिच्यापर्यंत पोचलेले नसेल.

पाचव्या जागेत भरवशाची अट घालता येते, तिचे नाव रीड कन्सर्न. ‘लोकल’ म्हटले तर ज्या यंत्राला विचारले त्याच्यापाशी जे असेल ते घ्यायचे. ‘मेजॉरिटी’ म्हटले तर यंत्रांपैकी बहुमताने ज्याची पोच दिली आहे तेवढेच घ्यायचे. पहिली अट सोपी आहे, पण तीत एक धोका आहे. मुख्य यंत्राने काही लिहिले आणि ते इतरांकडे पोचण्याआधीच ते बंद पडले, तर उरलेली यंत्रे बहुमताने नवा मुख्य निवडतात. जुना मुख्य नंतर परत येतो तेव्हा त्याचे ते एकट्याचे लिखाण रद्द होते. मधल्या वेळात ज्याने ते ‘लोकल’ वाचले, त्याने असा कागद वाचला की जो पुढे दफ्तरात राहिलाच नाही.

शिवकाळापासूनच्या पत्रांवर ‘सुरू सूद’, ‘बार’, ‘रुजू’ असे शेरे दिसतात. पत्र तपासले गेले, नोंदवहीवर चढले, असा त्यांचा अर्थ. शेरा नसलेले पत्र खोटेच असते असे नाही, पण जाणकार संशोधक तेथे थबकतो. त्याने मनातल्या मनात पाचवी जागा भरलेली असते.

सी वाचनालयाच्या इतिहासातही एक लहान धडा आहे. हुकूम धाडण्याचे आधीचे साधे फंक्शन अजून शिल्लक आहे. ते दिलेला हुकूम जसाच्या तसा पाठवते. जोडणी उघडताना आपण कोणती प्रत वाचायची हे ठरवून ठेवले असले, तरी हे फंक्शन त्याकडे पाहत नाही. नंतर वाचनाचे वेगळे, लेखनाचे वेगळे आणि वाचून-लिहिण्याचे वेगळे, अशी फंक्शने झाली. वाचनाचे फंक्शन जोडणीवर आधी ठरवलेली प्रत आणि भरवशाची अट आपणहून लावते. पत्रकात वेगळे लिहिले तर ते मानते. ‘वाचन’ हा सर्व प्रकारच्या हुकुमांतला सर्वांत सोपा समजला जाई. त्याला स्वतःचे नियम आहेत, हे करणाऱ्यांना कालांतराने उमगले.

दोन गाद्या

बहुमताने मुख्य निवडण्याचा एवढा सोपस्कार कशासाठी? दोन यंत्रे एकाच वेळी स्वतःला मुख्य समजू लागली तर काय होईल, या भीतीपोटी. संगणकवाले याला ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतात. कोल्हापूरकराला या शब्दाची गरज नाही. त्याच्या राज्याचा जन्मच अशा प्रसंगातून झाला.

१७०७ च्या मार्चमध्ये औरंगजेब वारला. मेमध्ये शाहू महाराज मोगली छावणीतून सुटले. ताराबाईंनी त्यांचा हक्क मानला नाही. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला आणि पन्हाळ्याकडे ताराबाईंनी आपले राज्य उभे केले. पुढे १७१४ मध्ये तेथेही सत्तांतर होऊन राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. १३ एप्रिल १७३१ च्या वारणेच्या तहाने दोन्ही राज्यांच्या सीमा ठरल्या. या चोवीस वर्षांत दोन गाद्या एकाच मुलखावर आपला अधिकार सांगत होत्या आणि दोन्हींकडून पत्रे सुटत होती. दोन्ही पत्रांवर छत्रपतींची मुद्रा, दोन्ही आपापल्या दफ्तरी रुजू. वतनदाराने काय करावे? जो शहाणा होता त्याने दोन्हीकडची पत्रे मिळवून ठेवली. राजारामकाळात मराठ्यांकडून आणि मोगलांकडून दोन्हीकडून कागद घेण्याची सवय लागलेलीच होती. करवीरच्या राज्यात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त वतनदारांविषयी जो खोल संशय दिसतो, तो या अनुभवातून आलेला आहे, असे मला वाटते.

त्या काळातले एखादे पत्र आज हाती आले तर ‘हे अस्सल आहे का’ हा प्रश्न पुरत नाही. अस्सल दोन्ही असू शकतात. त्या तारखेला त्या गावात कोणाचा अंमल प्रत्यक्ष चालत होता आणि पत्र सोडणाऱ्या गादीची नोंद पुढे कोणी मानली, हे पाहावे लागते. ज्या संशोधकाने फक्त साताऱ्याच्या बाजूचे कागद पाहिले, त्याला पन्हाळ्याची पत्रे बंडखोरांची वाटली. करवीरच्या बाजूने पाहणाऱ्याला उलटे वाटले. मराठ्यांचा इतिहास बराच काळ पुण्याच्या दफ्तरातून लिहिला गेला. त्यामुळे ताराबाईंकडे कटकटी बाई म्हणून पाहण्याची खोड लागली. आप्पासाहेब पवारांच्या खंडांनी दुसरी प्रत समोर आणली आणि तेव्हापासून त्या बाईंची राजनीती पुन्हा अभ्यासली जाऊ लागली. कोणतीही नवी घटना घडली नव्हती, वाचण्याची प्रत बदलली होती.

शून्य

आता सहाव्या जागेकडे, म्हणजे उत्तराकडे येऊ.

वाचनाचा हुकूम यशस्वी झाला तरी उत्तर रिकामे असू शकते. काउंटने शून्य आणले तर फंक्शन ‘झाले’ असेच सांगते, कारण त्याच्या दृष्टीने काही चुकलेले नाही. इथपर्यंत ठीक. पण मोंगोडीबीची एक सवय नवख्याला फसवते. रुमालाचे नावच चुकीचे लिहिले, असा रुमाल दफ्तरात मुळी नसला, तरी तो तक्रार करत नाही. शांतपणे शून्य सांगतो. कलमाचे नाव एका अक्षराने चुकले तरीही तसेच. ज्या कागदात ते कलम नाही तो जुळत नाही, एवढेच. चुकीच्या रुमालात शोधले की खरोखरच काही नाही, हे दोन प्रकार उत्तरावरून वेगळे ओळखता येत नाहीत.

या शून्याला आज महाराष्ट्रात फार मोठी किंमत आली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने न्या. संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि जुन्या कागदांतून कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले. आधी मराठवाड्यापुरते असलेले हे काम पुढे राज्यभर पसरले. महसुली कागद, शाळांचे दाखले, जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि त्यांतले मोडीत लिहिलेले पुष्कळसे. ज्या मोडी वाचकांकडे वर्षानुवर्षे कोणी फिरकत नव्हते त्यांना जिल्हाधिकारी कार्यालयांतून बोलावणी येऊ लागली. आरक्षणाच्या वादात शिरण्याचे हे स्थळ नाही. मला येथे फक्त शोधाची रीत पाहायची आहे, कारण एका ओळीवर एका घराचा दाखला अवलंबून असतो.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. इकार एकच, उकार एकच. जातीचे नाव कधी कुणबी, कधी कुळंबी, कधी अर्धेच लिहून पुढे टिंब. हे कागद जसेच्या तसे लिप्यंतर करून यंत्रात घातले आणि ‘कुणबी’ या शब्दाने हुकूम धाडला, तर ‘कुळंबी’ लिहिलेला कागद येणार नाही. फंक्शन म्हणेल, झाले. उत्तर म्हणेल, शून्य. पत्रकाच्या पाचव्या जागेत कोलेशन म्हणजे अक्षरजुळणीचा नियम घालता येतो. त्याने इंग्रजीतले लहान-मोठे अक्षर एक मानण्यासारखी कामे होतात. पण कुणबी आणि कुळंबी हे एकाच समाजाचे नाव आहे, हे यंत्राला कोणी तरी आधी सांगितले पाहिजे. ते सांगणारा मनुष्य मोडी जाणणारा हवा आणि गावचे बोलणे जाणणाराही हवा.

तारखेचेही तसेच. जुन्या पत्रांत शुहूर सन अरबी शब्दांत लिहितात. ‘समान मया अलफ’ म्हणजे आठ, शंभर, हजार, ११०८. चंद्राची तारीख ‘छ’ लिहून मुसलमानी महिन्याने. शिवाय राज्याभिषेक शक, शालिवाहन शक, फसली. शुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन, असे पाठांतर सांगितले जाते आणि ते निम्मेच खरे आहे. शुहूर वर्ष मृगाला, म्हणजे मेच्या अखेरीस सुरू होते. त्यामुळे जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. एखाद्याने यंत्राला सरसकट ५९९ मिळवायला सांगितले, तर वर उल्लेखलेला शाहूंचा राज्याभिषेक १७०७ मध्ये जाऊन बसतो. मग १७०८ च्या जानेवारीतील कागद मागणाऱ्याला साताऱ्याची गादी स्थापन झाल्याचा पत्ताच लागत नाही. हुकूम बरोबर, उत्तर शून्य, दोष आधीच्या माणसाचा. माझ्या मते सूची करताना मूळ कालनिर्देश जसाच्या तसा एका कलमात ठेवावा आणि बदललेली तारीख शेजारी वेगळ्या कलमात ठेवावी. तक्त्यात हे जड जाते, कागदाच्या पद्धतीत एक कलम वाढवले की झाले.

सी भाषेची आणखी एक शिस्त येथे नोंदवावीशी वाटते. उत्तरासाठी जी जागा दिली ती काम झाल्यावर प्रोग्रामरने स्वतः मोकळी करायची असते. हुकूम फसला तरीही ती करावीच लागते, कारण फसलेल्या हुकुमातही फंक्शन त्या जागेत काहीतरी मांडून ठेवतेच. बऱ्याच नव्या भाषा हे काम आपणहून करतात. सी करत नाही. विसरलात तर प्रोग्राम चालतो, पण हळूहळू यंत्राची जागा खात बसतो. रुमाल सोडला तर पुन्हा त्याच क्रमाने बांधून ठेवायचा, मिळाले असो वा नसो, हे दफ्तरात बसणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवतात.

वाचून लिहिणारे

वाचन आणि लेखन यांची फारकत मोंगोडीबीत केली, तरी एक हुकूम दोहोंच्या मध्ये राहिला. ‘अ‍ॅग्रिगेट’ हा हुकूम कागद निवडतो, त्यांची जुळवाजुळव करतो आणि उत्तर देतो. पण त्याच्या शेवटी ‘आउट’ जोडले तर तो निवडलेले कागद एका नव्या रुमालात बांधून दफ्तरातच ठेवून देतो. म्हणून त्याला शुद्ध वाचनाच्या फंक्शनातून धाडू नये, वाचून-लिहिण्याच्या वेगळ्या फंक्शनातून धाडावे, अशी सूचना आहे.

मराठी इतिहासात असा सर्वांत मोठा हुकूम गो. स. सरदेसाई यांनी चालवला. पेशवे दफ्तर अनेक वर्षे संशोधकांना जवळजवळ बंद होते. सरकारने ते उघडून निवड करण्याचे काम सरदेसायांकडे सोपवले आणि जदुनाथ सरकार यांच्या साह्याने १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड बाहेर पडले. एवढ्या वेगाने एवढे काम, त्याला तोड नाही. पण हजारो रुमालांतून जे निवडले गेले ते बहुतांशी राजकारणाच्या प्रश्नाने निवडले गेले. सामाजिक बाबींना एखादा खंड मिळाला. पुढच्या दोन पिढ्यांनी ‘पेशवे दफ्तर’ म्हटले की हे पंचेचाळीस खंडच डोळ्यांसमोर आणले. नव्या रुमालाने जुन्या रुमालांची जागा घेतली. कोल्हापुरात राजर्षी शाहूंच्या पत्रव्यवहाराचे खंड डॉ. विलास संगवे आणि सहकाऱ्यांनी १९७८ पासून काढले, त्यांचाही असाच उपयोग होतो. मूळ इंग्रजी पत्रे पाहायला कोण जातो? २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटात आला. त्यावर शेकड्यांनी लेख लिहिले गेले, आणि त्यांतले बरेचसे एकमेकांवरून लिहिलेले आहेत. मूळ हुकुमात कोणत्या जाती पुढारलेल्या म्हणून वगळल्या आहेत, त्यांची नावे स्पष्ट दिली आहेत. लेखालेखांतून ती कमीजास्त होत जातात, ती याच कारणाने.

आजच्या कुणबी नोंदींच्या शोधालाही हे लागू आहे. मोडी वाचणाऱ्यांनी अल्पावधीत पानांमागून पाने चाळली, बहुधा एकच शब्द डोळ्यांसमोर ठेवून. तो सापडला की पान, गाव, नाव टिपले आणि पुढे गेले. त्याच पानावर पाटाच्या पाण्याची पाळी होती, दुष्काळात दिलेली तगाई होती, कोणा विधवेने लिहून दिलेला पाट होता. त्यांच्यासाठी पत्रकात जागा नव्हती. उद्या पंचगंगेच्या पुरांवर काम करणारा कोणी कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जाईल, तेव्हा त्याला त्याच रुमालांच्या त्याच गाठी पुन्हा सोडाव्या लागतील.